सोडलेल्या खेळाडूची एटीकेटी

एटीकेटी म्हणजे काय हे या मासिकाच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. विषय मागच्या वर्षाचा, पुस्तक कधीच ज्युनिअरला अर्ध्या किमतीत विकून टाकलेलं, शिकवणारे सरसुद्धा दुसऱ्या कॉलेजात गेलेले. पण निकालपत्रावर तो विषय आपला ठाण मांडून बसलेला. आमच्या हॉस्टेलवर चालणाऱ्या फँटसी बास्केटबॉल लीगमध्ये खेळाडूंच्या बाबतीत नेमकं हेच होतं. खेळाडू सोडला, टीममधून गेला, दुसऱ्या कोणाच्या टीममध्ये धो धो पॉइंट्स करायला लागला, तरी त्याच्या पगाराचा एक तुकडा तुमच्या कॅपवर बसून राहतो. याला आम्ही ड्रॉपचा दंड म्हणतो. तो किती असावा, कोणी भरावा आणि किती वर्षं भरावा यावरून यंदा इतकी भांडणं झाली की दोन रूम पार्टनर आठवडाभर एकमेकांशी फक्त व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बोलत होते. (दोघांच्या कॉट्समध्ये अंतर चार फूट.) पुढच्या सीझनच्या लिलावाआधी मतदान आहे. माझं मत आधीच छापून टाकतो, म्हणजे नंतर कोणी "तू तेव्हा असं बोललाच नव्हतास" म्हणायला नको.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या एनबीएचे खरे खेळाडू, त्यांच्या खऱ्या मॅचेसमधले खरे आकडे, पण टीम तुमची. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी बेसबॉलसाठी असा खेळ सुरू केला. न्यूयॉर्कच्या ज्या हॉटेलात ते भेटायचे त्याच्या नावावरून त्याला 'रोटिसेरी' नाव पडलं. प्रत्येकाकडे लिलावासाठी २६० डॉलर आणि त्यात २३ खेळाडू बसवायचे. आमच्याकडे १० टीम, प्रत्येकी २०० डॉलरची कॅप (डॉलर कागदावरचे, पालकांनी घाबरू नये) आणि १३ खेळाडू. आमची लीग एका सीझनपुरती नाही. लिलावात खेळाडू घेताना किंमत बोलायची आणि करार किती वर्षांचा तेही बोलायचं, जास्तीत जास्त चार. म्हणजे एखाद्याला ४० ला चार वर्षं घेतलं तर चारही वर्षं तुमच्या २०० मधले ४० गेले. मॅचेस आपल्याकडे पहाटे साडेपाच-सहाला सुरू होतात, त्यामुळे सकाळच्या पहिल्या लेक्चरची हजेरी आणि एनबीएचा सीझन यांचं नातं काय असतं ते एच.ओ.डी. सरांना विचारा.

आता प्रश्न असा. ४० ला चार वर्षं घेतलेला माणूस पहिल्याच वर्षी ढेपाळला. अजून तीन वर्षं बाकी. त्याला सोडायचं आहे. काय व्हावं?

एक गट म्हणतो काहीच होऊ नये. खेळ आहे, मजा करायला आलोय, सोडला तर सोडला. हे ऐकायला फार छान वाटतं. पण लिलावाच्या रात्री काय होतं ते आठवा. कोणा एकासाठी बोली ३१ वर जाते. मी थांबतो. का थांबतो? माझ्याकडे पैसे नाहीत म्हणून नाही. पुढची चार वर्षं याचे ३२ सोसायचे आहेत हा हिशोब डोक्यात असतो म्हणून थांबतो. समोरचा मात्र बिनधास्त ४० म्हणतो, कारण त्याला माहीत आहे की जमलं तर जमलं, नाही तर डिसेंबरमध्ये सोडून देऊ. म्हणजे मी खऱ्या किमतीने बोली लावली आणि त्याने खोट्या. खेळाडू मात्र त्याला मिळाला. दंड नसेल तर चार वर्षांच्या कराराला काही अर्थच राहत नाही. सगळेच सगळ्यांना चार वर्षं देतील, चांगले निघाले ते ठेवतील, उरलेले फेकतील. लिलाव म्हणजे मग नुसती आरडाओरड. दंड हवा तो या थांबलेल्या माणसासाठी. ही गोष्ट पक्की धरून पुढे वाचा, कारण माझं बाकीचं सगळं म्हणणं यावरच उभं आहे.

दुसरा गट बरोबर उलट टोकाला. त्यांचं म्हणणं, पूर्ण शंभर टक्के दंड. ४० गुणिले ३, एकूण १२०, दर वर्षी ४०. "एनबीएमध्ये असंच असतं" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. असतं, बरोबर आहे. एनबीएमध्ये बहुतेक करार गॅरंटीड असतात. टीमने खेळाडूला सोडलं की तो ४८ तास वेव्हर्सवर राहतो. त्या वेळात दुसऱ्या कोणी त्याचा आहे तो करार उचलला तर पहिली टीम सुटली. नाही उचलला तर उरलेला पगार त्याच टीमला द्यायचा आणि तो कॅपमध्येही धरायचा. पण तिथे हे असं का आहे? कारण तो पगार एका जिवंत माणसाच्या बँकेत जातो. त्या लोकांनी १९५४ मध्ये युनियन काढली. १९६४ च्या ऑल-स्टार मॅचला तर पेन्शनचं पक्कं झाल्याशिवाय कोर्टवर उतरणार नाही म्हणून सगळे स्टार्स ड्रेसिंग रूममध्ये अडून बसले, आणि मॅच टीव्हीवर दाखवायची असल्यामुळे मालकांना ऐकावं लागलं. गॅरंटीड करार हा अशाच ओढाताणीतून आलेला खेळाडूंचा हक्क आहे.

आमच्या लीगमध्ये कोणत्या खेळाडूचा हक्क मारला जातोय? मी लिलार्डला सोडलं काय आणि ठेवलं काय, त्याला आमच्या हॉस्टेलमधून दमडी मिळत नाही. एनबीएतला नियम उचलला, पण तो ज्याच्यासाठी आहे तो माणूसच आमच्या खेळात नाही! आमच्याकडे दंडाचं काम एकच, बोली प्रामाणिक ठेवणं. त्यासाठी जेवढा लागेल तेवढाच दंड हवा. त्याहून जास्त लावलात तर काय होतं तेही बघितलंय. जानेवारीत ज्याची टीम खाली गेली आणि कॅप अडकली, तो लाइनअप लावणं बंद करतो. एनबीएचा मालक टीम टाकून पळून जाऊ शकत नाही, त्याचे अब्जावधी अडकलेले असतात. आमचा मालक फक्त अ‍ॅप डिलीट करतो. मग ती अनाथ टीम मधेच पडून राहते, तिच्याशी ज्याची मॅच त्याला फुकटचे पॉइंट्स, आणि पॉइंट टेबलची वाट.

तिसरा गट सगळ्यात हुशार आणि म्हणूनच मला सगळ्यात धोकादायक वाटतो. त्यांना 'स्ट्रेच' हवाय. हा २०११ च्या करारानंतर एनबीएमध्ये आलेला फंडा आहे आणि आपल्या लोकांना तो आवडतो कारण त्यात सूत्र आहे. उरलेली वर्षं n असतील तर राहिलेला पगार २n + १ वर्षांत पसरायचा. दोन वर्षं राहिली असतील तर पाच हप्ते, एक राहिलं असेल तर तीन. दर वर्षीचा भार हलका होतो, लगेच जागा मोकळी होते आणि नवा खेळाडू घेता येतो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण २०२५ चं. मिलवॉकी बक्सच्या डेमियन लिलार्डचा एप्रिलमध्ये, प्लेऑफच्या मॅचमध्ये अकिलीस टेंडन तुटला. त्याची दोन वर्षं बाकी होती, जवळजवळ ११.३ कोटी डॉलर. जुलैमध्ये बक्सनी त्याला सोडलं आणि ती रक्कम स्ट्रेच केली. म्हणजे वर्षाला सुमारे २.२५ कोटी, २०२९-३० पर्यंत. एवढी मोठी रक्कम यापूर्वी कोणीच स्ट्रेच केली नव्हती. त्यातून झालेल्या जागेत माइल्स टर्नरला आणलं. लिलार्ड आपल्या जुन्या पोर्टलंडला परत गेला, तिकडचाही पगार घेऊन, इकडचेही हप्ते घेऊन. याला म्हणतात खरा प्लेसमेंट! त्याच महिन्यात फिनिक्सनी ब्रॅडली बीलच्या बाबतीत तेच केलं, सुमारे ९.७ कोटी डॉलर पाच वर्षांत. तिथे एक अडचण होती. स्ट्रेच केलेल्या सगळ्यांचा मिळून एका वर्षाचा आकडा कॅपच्या १५ टक्क्यांपुढे जाता कामा नये असा नियम आहे, आणि फिनिक्सच्या डोक्यावर आधीच्या सोडलेल्यांचे छोटे हप्ते होते. त्यामुळे बीलला जवळजवळ १.४ कोटी सोडायला राजी करावं लागलं, तेव्हा कुठे गणित बसलं. २०२५-२६ ची कॅप १५.४६ कोटी डॉलर होती. दोन्ही टीम्सनी तिचा सातवा-आठवा हिस्सा तिथे नसलेल्या माणसावर खर्च केला. (१९८४-८५ मध्ये कॅप सुरू झाली तेव्हा सगळ्या टीमची मिळून ती ३६ लाख होती. लिलार्डच्या एका हप्त्यात तशा सहा टीम्स बसतात. अर्थात महागाईचं गणित वेगळं, पण आकडा मजेदार आहे.)

हे हप्ते शेवटी भरतं कोण, ते बघण्यासारखं आहे. आमच्या स्ट्रेचवाल्यांनी तेवढं बघितलेलं नाही.

जॉश स्मिथचं घ्या. २०१३ मध्ये जो ड्युमार्सने त्याला डेट्रॉइट पिस्टन्समध्ये चार वर्षांसाठी ५.४ कोटी डॉलरला आणलं. टीम काही जमली नाही आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये ड्युमार्स पायउतार झाला. त्याच्या जागी कोच आणि प्रेसिडेंट अशा दोन्ही टोप्या घालून स्टॅन व्हॅन गंडी आला. २२ डिसेंबर २०१४ ला, टीम ५ जिंकून २३ हरलेली असताना, त्याने स्मिथला सोडून दिलं आणि पुढच्या दोन वर्षांचे २.७ कोटी पाच वर्षांत पसरले, वर्षाला सुमारे ५४ लाख, २०१९-२० पर्यंत. लगेच डेट्रॉइट ओळीने सात मॅचेस जिंकलं. सगळे म्हणाले वा, काय निर्णय! स्मिथही ह्यूस्टनला जाऊन त्या वर्षी कॉन्फरन्स फायनलपर्यंत पोचला. म्हणजे सगळे खूश. पण २०१८ च्या मे महिन्यात व्हॅन गंडीलाही जावं लागलं. ज्याने घेतला तो गेला, ज्याने सोडला तोही गेला, स्वतः स्मिथ २०१७ नंतर एनबीएमध्ये एकही मॅच खेळला नाही. आणि डेट्रॉइटच्या कॅपवर स्मिथ २०२० पर्यंत आपला हजर.

हे एकच प्रकरण असतं तर योगायोग म्हणालो असतो. २०१६ च्या उन्हाळ्यात नव्या टीव्ही करारामुळे एनबीएची कॅप एका वर्षात ७ कोटींवरून ९.४१ कोटींवर गेली आणि सगळ्यांच्या हातात एकदम पैसे आले. मेसचं बिल भरायच्या आधी घरून मनीऑर्डर आल्यावर आपलं जे होतं तेच तिकडे झालं. लॉस एंजेलिस लेकर्सनी लुओल डेंगला आणि न्यूयॉर्क निक्सनी जोआकिम नोआला, दोघांनाही चार वर्षांचे ७.२ कोटी देऊन टाकले. दोघंही तिशी ओलांडलेले. २०१७ च्या फेब्रुवारीत लेकर्सच्या मिच कपचॅकला काढलं, जूनमध्ये निक्समधून फिल जॅक्सन बाहेर. डेंग आणि नोआला सोडायचं काम २०१८ मध्ये मागून आलेल्यांनी केलं, आणि दोघांचे हप्ते २०२१-२२ पर्यंत चालले. फिल जॅक्सन तोपर्यंत कुठे होता? निदान निक्सच्या ऑफिसात तरी नव्हता.

आता हेच आमच्या हॉस्टेलवर आणा. आमच्याकडे मालक चार वर्षांत बदलतोच, त्याला कोणी काढायची गरजही पडत नाही. बी.ई. झाला की गेला. त्याची टीम ज्युनिअरला मिळते. ३ वर्षं बाकी असलेला ४० चा खेळाडू स्ट्रेच केला तर १२० भागिले ७, म्हणजे वर्षाला १७ च्या आसपास, सात वर्षं! सात वर्षांत बी.ई. होणारे महाभाग आहेत, नाही असं नाही, पण नियम त्यांच्यासाठी करायचे का? आज जो स्ट्रेच करेल त्याचा शेवटचा हप्ता भरणारा मुलगा आत्ता पाचवी-सहावीत असेल. त्याला एफ.ई.ला आल्यावर कळणार की आपण कुठल्याशा अनोळखी काकांच्या हौसेचे पैसे फेडतोय.

आणि हे नुसतं कल्पनेतलं नाही. आमचा सध्याचा नियम निम्म्या दंडाचा आहे, उरलेल्या प्रत्येक वर्षाला पगाराच्या निम्मे. वरवर बघता मधला मार्ग. त्या नियमातच एका सीनियरने बी.ई.च्या वर्षी, जाता जाता, दोन वय झालेले स्टार घेतले, एक ४८ ला आणि एक ४४ ला, दोघांनाही चार वर्षं. चार का? कारण जास्त वर्षं देणाऱ्याला बोलीत प्राधान्य असतं, आणि पुढची तीन वर्षं त्याची नव्हतीच! त्या वर्षी तो चॅम्पियन झाला. ग्रुपवर ट्रॉफीचा फोटो टाकला, नोकरी लागली, गेला. त्याची टीम मिळाली एका एफ.ई.च्या मुलाला. तोपर्यंत दोघांपैकी एक दुखापतीत, दुसरा बेंचवर. त्याने दोघांना सोडलं. दंड २४ अधिक २२, म्हणजे ४६, सलग तीन वर्षं. बाकीचे नऊ जण २०० मध्ये टीम बनवतात, हा १५४ मध्ये. बी.ई.ला पोचेल तेव्हा त्याची पाटी कोरी होणार. त्याने आजवर ना ती बोली लावली, ना ती ट्रॉफी बघितली. सीनियरने नियम मोडला असंही नाही, सगळं नियमातच बसतं. म्हणून तर नियम बदलायला हवा. (माझ्या टीमवर असा कुठला बोजा नाही, तेव्हा हा स्वतःच्या टीमसाठी रडतोय असं कोणी म्हणू नये.)

माझा प्रस्ताव दोन भागांचा आहे.

पहिला: दंड एकाच सीझनमध्ये, जागच्या जागी. उरलेल्या पहिल्या वर्षाचे निम्मे, आणि त्यापुढच्या प्रत्येक वर्षाचे पाव, सगळं त्याच एका वर्षाच्या कॅपवर. ४० चा खेळाडू, तीन वर्षं बाकी: २० अधिक १० अधिक १०, झाले ४०. म्हणजे त्या वर्षी तो खेळाडू ठेवला असता तर जेवढे अडकले असते तेवढेच अडकले, पुढच्या वर्षी मोकळे. दोन वर्षं बाकी असतील तर ३०, एक असेल तर २०. आणि लिलाव झाल्या झाल्या, चारही वर्षं बाकी असताना सोडलात तर ५०, ठेवण्यापेक्षा महाग. मला यातली आवडणारी गोष्ट ही की दंड तुम्ही किती वर्षांची बढाई मारलीत त्याच्यावर ठरतो. वर्षं कमी बोलला असाल तर दंड किरकोळ. शिवाय तीन किंवा कमी वर्षं बाकी असलेला कोणताही खेळाडू कॅप भरलेली असतानासुद्धा सोडता येतो, कारण दंड त्याच्या पगाराबाहेर जातच नाही. अडकून पडायचा लोच्या संपला. ४८ तासांत दुसऱ्या कोणी आहे तोच करार उचलला तर दंड शून्य, एवढं मात्र एनबीएचं जसंच्या तसं घ्यावं.

जे रात्र रात्र इंग्लिश प्रीमियर लीगची फँटसी खेळतात त्यांना हे नवीन वाटू नये. तिथे फुकटच्या बदल्यांपलीकडे एक जास्तीची बदली केली की ४ पॉइंट कापले जातात, त्याच आठवड्यात. पुढच्या वर्षी कोणी तुमच्या दारात येऊन उभं राहत नाही. ते ४ पॉइंट लगेच दिसतात, म्हणूनच लोक बदली करताना दहा वेळा विचार करतात. स्ट्रेचमध्ये नेमका हा विचारच करावा लागत नाही.

दुसरा भाग महत्त्वाचा: मालक कॉलेजमध्ये असेल तेवढ्याच वर्षांचा करार. एफ.ई.ला चार, एस.ई.ला तीन, टी.ई.ला दोन, बी.ई.ला एक. ट्रेडमध्ये आलेल्या खेळाडूलाही तीच अट. टीम हातात आली की ज्युनिअरने आधीच्या मालकाचे हवे ते खेळाडू त्याच किमतीत, स्वतः ठरवेल तेवढ्या वर्षांसाठी ठेवावेत. नको असतील ते लिलावात. म्हणजे जो बोजा असेल तो त्याच्या स्वतःच्या सहीचा. यावर एकाने विचारलं, इयर डाऊन झालेल्यांचं काय? त्यांना एक वर्ष वाढवून द्या की, तेवढं तरी काहीतरी चांगलं होऊ दे बिचाऱ्यांचं.

बी.ई.चे लोक यावर चिडणार हे मला माहीत आहे. त्यांचं म्हणणं, मग शेवटच्या वर्षी आमच्या हातात काय राहिलं? बाकीचे चार वर्षं बोलतील, आम्ही एकच, आम्हाला चांगला खेळाडू मिळणारच नाही. यात तथ्य आहे, आणि त्याला उत्तरही सोपं आहे: बोलीत वर्षांना प्राधान्य देणंच बंद करा, फक्त किंमत बघा. बी.ई.वाल्याने ५५ म्हणावं आणि न्यावा. त्याचे ५५ त्याच्याच वर्षात जातील.

आता दुखापतीचं. २०२५ च्या एकाच प्लेऑफमध्ये तीन मोठे अकिलीस तुटले: एप्रिलमध्ये लिलार्ड, मेमध्ये जेसन टेटम, आणि जूनमध्ये फायनलच्या सातव्या मॅचमध्ये टायरीस हॅलिबर्टन. (तिघांच्याही जर्सीवर ० नंबर. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी क्षमा करावी, पण मी यापुढे शून्यवाल्याला दोन वर्षांच्या वर देणार नाही.) दुखापत झालेल्याला सोडलं तर दंड माफ करावा अशी मागणी आहे. मी विरोधात आहे. लांब करार देताना दुखापतीचा धोका किमतीत धरायचा असतो. जो ३१ ला थांबला त्याने तोच धरला होता. शिवाय 'गंभीर' कोणी ठरवायचं? आमच्या लीगमध्ये डॉक्टर एकही नाही, सगळे मेकॅनिकल आणि ई.अँड टी.सी.वाले. त्यासाठी जखमींची एक वेगळी जागा आहे, तिथे ठेवा आणि वाट बघा. हॅलिबर्टन पंचविशीतला माणूस, त्याला सोडायची घाई कोणाला आहे? अपवाद फक्त करिअरच संपलं तर. मायामीच्या ख्रिस बॉशला रक्तात गुठळ्या झाल्या, फेब्रुवारी २०१६ नंतर तो खेळूच शकला नाही, आणि २०१७ मध्ये वैद्यकीय कारणावरून त्याचा पगार कॅपमधून वगळला गेला. तसं झालं तर दंड शून्य. तिथे कोणी हुज्जत घालू नये.

'एकदाच माफी'वाल्यांसाठीही दोन ओळी. एनबीएने हे दोनदा करून बघितलं, २००५ आणि २०११ मध्ये. २००५ ला एक खेळाडू सोडा, त्याच्या पगारावरचा लक्झरी टॅक्स माफ. २०११ ला तर कॅपमधूनच माफ. २००५ च्या नियमाला लोकांनी ॲलन ह्यूस्टनचं नाव दिलं, कारण निक्सनी त्याला २००१ मध्ये सहा वर्षांसाठी १० कोटी दिले होते आणि तो गुडघ्यांनी बेजार होता. प्रत्यक्षात निक्सनी त्या नियमाने सोडलं जेरोम विल्यम्सला! नियमाला नाव एकाचं आणि फायदा भलत्याच करारावर. माफीचं हेच होतं. ती ग्रेस मार्कांसारखी सगळ्यांना सारखी मिळत नाही. ज्याने सगळ्यात मोठा घोळ घातला त्याला सगळ्यात जास्त मिळते, आणि ज्याने हिशोबाने टीम बांधली त्याच्या हाताला काहीच लागत नाही.

"मग त्या ४६ वाल्या मुलाचं काय? ते पुसायचं म्हणजेसुद्धा माफीच झाली ना?" असं परवा कट्ट्यावर मला विचारलं गेलं. नाही. ज्याने बोली लावली त्याला सोडणं ही माफी. इथे ज्याला सोडायचं त्याने बोली लावलीच नव्हती, आणि ज्याने लावली तो आधीच सुटलाय. नवा नियम आला तर वारशात आलेला सगळा जुना दंड त्या दिवशी रद्द करावा, स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेला मात्र जुन्या नियमाने संपेपर्यंत चालू ठेवावा. असे वारशातले दंड सध्या तीन टीम्सवर आहेत, ४६ चा सर्वात मोठा.

मतदान लिलावाच्या आधीच्या रविवारी, रात्री जेवणानंतर, मेसच्या मागच्या कट्ट्यावर. मत ज्यांच्याकडे आज टीम आहे त्यांनाच. पास-आऊट झालेले माजी चॅम्पियन ग्रुपवर अजून आहेत आणि जोरजोरात सल्ले देतायत, त्यांनी चहाला जरूर यावं.

— टी.ई. (मेकॅनिकल)